दोन इंजिने, एक वही

‘पायलट व्हायला किती तास उडावे लागते?’ छत्रपती संभाजीनगरातल्या बारावीच्या कोणत्याही हौशी मुलाला विचारा, उत्तर तयार असते: दोनशे. आकडा बरोबर आहे. तरीही वहीत दोनशेच्या वर तास भरलेला विद्यार्थी परवान्याच्या अर्जाशी अडखळतो आणि चार-सहा महिने घरी बसतो, असे घडते. कारण दोनशे ही फक्त बेरीज आहे. त्या बेरजेत कोणत्या प्रकारचे तास किती, ते कधीचे आणि त्यावर सही कुणाची, हे पाहून परवाना मिळतो.

या लेखात दोन गोष्टींबद्दल सांगायचे आहे: उड्डाणाचे तास कसे जमवावेत आणि नोंदवावेत, आणि दोन इंजिनांच्या विमानाचे रेटिंग कसे मिळवावे. पहिली कारकुनी वाटते, दुसरी शौर्याची. माझे म्हणणे असे, की दोन्ही एकाच सवयीतून येतात. जे घडले ते जसेच्या तसे पाहायचे आणि तसेच लिहायचे, ही ती सवय.

फी भरण्याआधी

आपल्याकडच्या मुलांना शिकायला बहुधा घर सोडावे लागते. अजिंठ्याच्या घाटातून जळगाव, कन्नडच्या औट्रम घाटातून धुळे, त्यापुढे शिरपूर. दक्षिणेला बारामती, पूर्वेला थेट गोंदिया. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर एअर इंडियाने स्वतःची प्रशिक्षण संस्था उभारायला घेतली आहे आणि तिच्यासाठी एका इंजिनाची ३१ पायपर व दोन इंजिनांची ३ डायमंड विमाने मागवली आहेत. पर्याय वाढत आहेत, म्हणून निवड अधिक डोळसपणे करायला हवी.

पहिला खर्च वैद्यकीय तपासणीचा करा. आधी क्लास टू, मग क्लास वन. व्यावसायिक परवान्यासाठी क्लास वनच लागतो. रंगांधळेपणासारखी अडचण निम्मी फी भरून झाल्यावर कळली, तर त्या घरावर काय ओढवते याची कल्पना करा. शेत गहाण ठेवून किंवा प्लॉट विकून पैसे उभे करणारे पालक आपल्या भागात आहेत. त्यांच्यासाठी तरी हा क्रम पाळा.

दुसरे, लेखी परीक्षा. हवाई नियमावली, नेव्हिगेशन, हवामानशास्त्र, विमान व इंजिनाचे तांत्रिक ज्ञान, हे विषय घरी राहूनही वाचता येतात. उत्तीर्ण होण्यासाठी ७० टक्के गुण लागतात. डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, याचा कॉम्प्युटर नंबर काढून दोन-तीन पेपर आधीच पदरात पाडले, तर प्रशिक्षणाच्या गावी वसतिगृहाचे भाडे भरत पुस्तक उघडावे लागत नाही. रेडिओ परवान्याचीही तयारी सोबत ठेवा.

तिसरे, शाळेत जाऊन प्रत्यक्ष पाहा. हँगरमध्ये किती विमाने उभी आहेत यापेक्षा आज सकाळी किती उडाली, हे विचारा. त्या विमानांमागे विद्यार्थी किती? दोन इंजिनांचे विमान संस्थेचे स्वतःचे आहे की त्यासाठी दुसऱ्या गावी पाठवतात? ते विमान गेल्या वर्षात किती दिवस दुरुस्तीत होते? सिम्युलेटर मान्यताप्राप्त आहे का? उत्तरे लेखी मागा. दोन इंजिनांचे शेवटचे पंधरा तास अडकले म्हणून आधीचे एकशे पंच्याऐंशी तास भरूनही वाट बघत बसलेले विद्यार्थी या क्षेत्रात कमी नाहीत.

आर्थिक मदतीचीही चौकशी करा. नागपूरच्या ‘महाज्योती’ संस्थेने व्यावसायिक वैमानिक प्रशिक्षणाची योजना राबवली आहे. अशा योजनांची मुदत आणि अटी वेळोवेळी बदलतात, म्हणून जाहिरात स्वतः वाचा. ऐकीव माहितीवर जाऊ नका.

दोनशेच्या आतला हिशोब

व्यावसायिक परवान्याची अनुभवाची अट अशी आहे. अर्जाच्या आधीच्या पाच वर्षांत किमान २०० तास. त्यांपैकी १०० तास पायलट-इन-कमांड, म्हणजे विमानाची जबाबदारी तुमच्यावर असताना. आणि त्या शंभरातले किमान १५ शेवटच्या सहा महिन्यांतले. कमांडमध्येच २० तासांची क्रॉस कंट्री उड्डाणे, त्यांत एक किमान ३०० नॉटिकल मैलांचे आणि वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर पूर्ण थांबून उतरलेले. उपकरणांवरचे १० तास, त्यांत सिम्युलेटरचे जास्तीत जास्त ५. रात्रीचे ५ तास, आणि शेवटच्या सहा महिन्यांत स्वतः केलेली रात्रीची दहा टेक-ऑफ व दहा लँडिंग. अर्ज करण्याआधी डीजीसीएच्या संकेतस्थळावरचा त्या दिवशीचा नियम पुन्हा वाचा.

तीनशे मैल म्हणजे किती, हे नकाशावर पाहा. जळगावहून चिकलठाणा, म्हणजे आपल्या शहराचा विमानतळ, सरळ रेषेत साधारण ६७ नॉटिकल मैल, चिकलठाण्याहून नांदेड ११६, नांदेडहून परत जळगाव १४३. बेरीज ३२५ च्या आसपास. आपल्याच मुलखाचा हा त्रिकोण. शाळा आणि हवाई वाहतूक नियंत्रण परवानगी देतील तो मार्ग खरा, पण पट्टी आणि कोनमापक घेऊन असे त्रिकोण आतापासून काढायला लागा. वाटेत कोणते धरण दिसेल, कोणता रेल्वेमार्ग ओलांडला जाईल, वारा नैऋत्येचा असेल तर कोणत्या टप्प्यावर इंधन जास्त लागेल, हे वहीत लिहा. नेव्हिगेशन इथून सुरू होते.

नियोजनातली मोठी चूक म्हणजे फक्त परवान्याकडे पाहणे. इन्स्ट्रुमेंट रेटिंग तुम्हाला लागणारच आहे, आणि त्याच्या अटी वरचढ आहेत: कमांडमध्ये क्रॉस कंट्रीचे ५० तास, उपकरणांवरचे ४० तास, त्यांत सिम्युलेटरचे जास्तीत जास्त २०. म्हणजे कमांडच्या शंभरातले पन्नास क्रॉस कंट्रीत घालवले, तर एका दगडात दोन पक्षी. ज्याने ऐंशी तास धावपट्टीभोवती चकरा मारण्यात संपवले, त्याला पुढे स्वतःच्या पैशाने जास्तीचे उडावे लागते.

दुसरी चूक पावसाळा विसरण्याची. मे महिन्यात रात्रीची उड्डाणे झाली, जूनपासून ढग उतरले, विमाने हँगरमध्ये गेली, आणि ऑक्टोबरात बाकीचे पूर्ण करता करता सहा महिन्यांची मुदत सरली. मग तीच दहा लँडिंग पुन्हा. सहा महिन्यांच्या अटीत बसणाऱ्या सगळ्या गोष्टी, म्हणजे रात्रीची लँडिंग, कमांडचे पंधरा तास, कौशल्य चाचण्या, दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत एका ओळीने बसवा.

वही लिहिण्याची रीत

लॉगबुक हा कायदेशीर दस्तऐवज आहे. ते शाईने लिहायचे. चुकले तर एक सरळ रेघ मारून शेजारी बरोबर नोंद करायची आणि सही करायची. ब्लेड किंवा पांढरा रंग लावायचा नाही. शेवटच्या नोंदीपासून किमान पाच वर्षे ते जपायचे असते. मी म्हणेन, जन्मभर जपा. दर पान भरले की मोबाइलवर त्याचा फोटो काढून घरच्यांकडे पाठवून ठेवा. एसटीत किंवा वसतिगृहात हरवलेली वही पुन्हा उभी करणे फार जिकिरीचे असते.

उड्डाणाचा वेळ मोजतात तो विमान स्वतःच्या शक्तीने उड्डाणासाठी हलल्यापासून उड्डाण संपवून थांबेपर्यंत. चाके जमिनीवरून सुटण्यापासून मोजला तर टॅक्सीचा वेळ गळतो; इंजिन सुरू करून जागेवर उभे राहिल्याचा वेळ धरला तर नोंद खोटी होते. वेळ कोणत्या घड्याळाने लिहिता, हेही ठरवा. यूटीसीत लिहीत असाल तर आपल्या वेळेतून साडेपाच तास वजा. पहाटे चारचे भारतीय वेळेतले उड्डाण यूटीसीत आदल्या तारखेला जाते. अर्धी वही एका घड्याळाची आणि अर्धी दुसऱ्याची असेल, तर तपासणाऱ्याला शंका येते, आणि ती रास्तच असते.

रकाने नीट ओळखा. इन्स्ट्रक्टर शेजारी बसून शिकवत असेल तो वेळ ड्युअल, आणि त्यावर त्याची सही हवी. एकट्याने उडालात तो कमांडचा. उपकरणांवरचा वेळ म्हणजे डोळ्यांवर हूड असताना किंवा खरोखर ढगात असताना केवळ उपकरणे पाहून उडवलेली मिनिटे. दीड तासाच्या उड्डाणात ती पन्नास असतील तर पन्नासच लिहा. सिम्युलेटरचा रकाना वेगळा. तो उड्डाणाच्या बेरजेत मिसळू नका. एका इंजिनाचे आणि दोन इंजिनांचे तासही पहिल्या दिवसापासून वेगळ्या रकान्यांत ठेवा.

नोंद त्याच दिवशी, विमानाच्या प्रवासनोंदीशी आणि शाळेच्या ऑथोरायझेशन बुकाशी ताडून करा. तुमची वही, विमानाची वही आणि इंधनाची नोंद या तिन्हींनी एकच गोष्ट सांगायला हवी. २०११ मध्ये बनावट गुणपत्रिका आणि न उडलेल्या तासांची प्रकरणे देशात उघडकीला आली, तेव्हा शोध अशाच ताळमेळातून लागत गेला. पण पकडले जाण्याची भीती हे प्रामाणिकपणाचे दुय्यम कारण आहे. मुख्य कारण असे, की कागदावरचा तास हातात कधी उतरत नाही. ज्या दिवशी त्या तासाची गरज पडेल, त्या दिवशी वही खिशात असेल आणि कौशल्य नसेल.

शेऱ्याच्या रकान्यात ‘सर्किट, लँडिंग’ एवढेच लिहून थांबू नका. वारा किती अंशांतून, किती जोराचा. कुठे उशिरा सुधारणा केली. इन्स्ट्रक्टर काय म्हणाले. जागा पुरत नसेल तर वेगळी शंभर पानी वही ठेवा. पन्नास तासांनंतर ती वाचली की आपण कोणती चूक पुन्हा पुन्हा करतो, ते स्वच्छ दिसते.

अमेरिकेत जाऊन शिकणाऱ्यांसाठी एक विशेष सूचना. तिथे तास दशांशात लिहितात: १.३ म्हणजे एक तास अठरा मिनिटे, एक तास तीस नव्हे. तिथल्या नियमानुसार परवानाधारक वैमानिक इन्स्ट्रक्टरसोबत शिकतानाचा काही वेळही कमांड म्हणून लिहू शकतो. भारतात परवाना बदलून घेताना शिकण्याचा वेळ ड्युअलच धरला जातो. परतल्यावर कमांडचे तास अचानक शंभरखाली येतात ते यामुळे. तिकडे असतानाच भारतीय रकान्यांप्रमाणे समांतर हिशोब ठेवा.

दुसरे इंजिन कशासाठी

चिकलठाण्यावर उतरणारी प्रवासी विमाने आठवा. मग ते एअरबस ए-३२० असो वा एटीआर, इंजिने दोन. १९८५ मध्ये कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी केवळ महिला वैमानिकांच्या चमूसह जे फोकर एफ-२७ उडवले, तेही दोन इंजिनांचेच. एअरलाइनचे दार उघडायचे तर परवान्यावर मल्टी-इंजिन रेटिंग आणि तेही इन्स्ट्रुमेंट रेटिंगसह हवे. म्हणून आपल्याकडच्या अभ्यासक्रमांत साधारण १८५ तास एका इंजिनाचे आणि १५ तास दोन इंजिनांचे अशी विभागणी असते. त्या विशिष्ट विमानाची तांत्रिक परीक्षा, जमिनीवरचे वर्ग, ड्युअल उड्डाणे आणि परीक्षकापुढची चाचणी, असा हा प्रवास. विमाने बहुधा पायपर सेनेका, डायमंड डीए-४२ किंवा टेक्नाम पी-२००६टी.

या विमानाच्या तासाचा दर एका इंजिनाच्या विमानापेक्षा बराच जास्त असतो. म्हणून पुढचे सगळे जमिनीवर समजून घ्या.

बैलगाडीची आठवण करा. जोडीतला एक बैल अचानक थांबला आणि दुसरा ओढतच राहिला, तर गाडी थांबलेल्या बैलाच्या बाजूला वळते. पंखांवर इंजिने असलेल्या विमानाचे तसेच होते. डावे इंजिन बंद पडले की नाक डावीकडे ओढले जाते, आणि ते सरळ ठेवायला उजवा रडर दाबावा लागतो. रडरची ताकद त्यावरून वाहणाऱ्या हवेवर, म्हणजे वेगावर, अवलंबून. वेग एका मर्यादेखाली गेला की पूर्ण रडर दाबूनही विमान सरळ राहत नाही. ती मर्यादा म्हणजे व्हीएमसी; वेगदर्शकावरची लाल रेघ. निळी रेघ दाखवते एका इंजिनावर सर्वांत चांगली चढाई देणारा वेग. हवेत असताना नजर कायम निळ्या रेघेवर.

दोन्ही पंखे वैमानिकाच्या बाजूने पाहता उजवीकडे फिरत असतील, तर डावे इंजिन गेल्यास ओढ जास्त बसते. म्हणून त्याला क्रिटिकल इंजिन म्हणतात. सेनेकाचे पंखे परस्परविरुद्ध दिशांना फिरतात, म्हणून तिथे हा भेद नाही. तोंडी परीक्षेत हा प्रश्न हमखास येतो.

आता सर्वांत मोठा गैरसमज. एक इंजिन गेले की निम्मी शक्ती उरते, मग निम्मी चढाई उरेल, असे वाटते. हिशोब करून पाहा. समजा दोन्ही इंजिने मिळून १०० भाग शक्ती देतात आणि उंची नुसती टिकवायलाच ४० लागतात. चढाईला उरले ६०. एक इंजिन गेले, हातात ५०. त्यातले ४० टिकून राहण्यातच संपले. उरले १०. शक्ती निम्मी झाली, पण चढाईचा पाच षष्ठांश भाग गेला. बंद पडलेल्या पंख्याचा अवरोध धरला तर उरलेले दहाही जाऊ शकतात.

त्यात आपला उन्हाळा मिसळा. चिकलठाणा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे १९०० फुटांवर. मे महिन्यात पारा ४० अंशांवर असताना तिथली हवा इतकी विरळ असते, की विमानाला आपण ५३०० फुटांवर असल्यासारखे वाटते. इंजिन, पंखा आणि पंख, तिघांचाही जोर घटतो. अशा दुपारी पूर्ण भरलेले छोटे दोन इंजिनी विमान एका इंजिनावर चढेलच, असे गृहीत धरू नका. प्रत्येक उड्डाणाआधी विमानाच्या मॅन्युअलमधला तक्ता उघडून त्या दिवशीच्या तापमानाला आकडा काढा आणि वहीत लिहा.

हात आणि पाय

धावपट्टीवर असताना इंजिन गेले तर दोन्ही थ्रॉटल मागे आणि सरळ थांबायचे. विमान उचलल्यावर पुढे धावपट्टी शिल्लक असेल आणि चाके खालीच असतील तर पुन्हा उतरायचे. चाके वर घेतली आणि वेग निळ्या रेघेवर असेल तरच पुढचा विचार. हे तीन टप्पे प्रत्येक टेक-ऑफआधी मोठ्याने बोला, एकटे असलात तरी.

हवेतला क्रम असा: नाक आटोक्यात, वेग निळ्या रेघेवर, शक्ती पूर्ण, फ्लॅप आणि चाके वर, मग ओळख, खात्री आणि फेदर. ओळख पायाने होते. जो पाय मोकळा, त्या बाजूचे इंजिन बंद. खात्रीसाठी त्या इंजिनाचा थ्रॉटल हळूच मागे घ्या. काहीच बदलले नाही तर ओळख बरोबर. त्यानंतरच फेदर, म्हणजे पंख्याची पाती हवेच्या दिशेला करायची. चांगल्या इंजिनाकडे दोन-तीन अंश कल ठेवायचा. नंतर चेकलिस्ट.

खात्रीची ही दोन सेकंदे किती मोलाची आहेत, याची साक्ष ४ फेब्रुवारी २०१५ ला तैपेईत मिळाली. ट्रान्सएशियाच्या एटीआर ७२ विमानाचे उजवे इंजिन निकामी झाले आणि चमूने बंद केले ते चांगले चालणारे डावे. ४३ माणसे गेली. सफाईदार हात तपासाआधी धावला, तर दुसरे इंजिन असून नसल्यासारखेच.

विमान बदलले की क्रमही पुन्हा शिकावा लागतो. सेनेकात पंखा फेदर करायला लीव्हर मागे ओढतात. डीए-४२ मध्ये इंजिन मास्टर बंद केला की तो आपोआप फेदर होतो. बंद विमानात बसून, डोळे मिटून, रोज अर्धा तास हात योग्य जागी जातात का ते पाहा. त्याला पैसे लागत नाहीत.

व्हीएमसीचे प्रात्यक्षिक नेहमी भरपूर उंचीवर आणि इन्स्ट्रक्टरसोबतच. टर्बो नसलेल्या इंजिनाच्या विमानात उंचीबरोबर व्हीएमसी कमी होते, स्टॉलचा वेग मात्र तोच दाखवतो. दोन्ही जवळ आले तर एका बाजूला ओढले जात असतानाच विमान स्टॉल होऊन गिरकी घेऊ शकते. पहिली चाहूल लागताच चालू इंजिनाची शक्ती कमी करा आणि नाक खाली घ्या. त्या क्षणी अभिमान आवरणे ही मोठी कसोटी.

बीड रस्त्याची आठवण

आपल्या शहराला हा धडा वेगळा सांगावा लागू नये. २६ एप्रिल १९९३ ला चिकलठाण्याहून निघालेले इंडियन एअरलाइन्सचे बोईंग ७३७, फ्लाइट ४९१, धावपट्टीच्या टोकाशी बीड रस्त्यावरून जाणाऱ्या कापसाच्या गाठींच्या ट्रकला धडकले. विमानातल्या ११८ जणांपैकी ५५ मरण पावले. चौकशीत विमान उशिरा आणि चुकीच्या रीतीने उचलल्याचा, तसेच उड्डाणाच्या वेळी रस्त्यावरची वाहतूक न रोखल्याचा ठपका ठेवला गेला. त्या टेक-ऑफच्या धावेत दोन्ही इंजिने चालू होती, हे ध्यानात घ्या. इंजिने दोन असोत की चार, ठरलेल्या वेगाला ठरलेली कृती आणि ती झाली नाही तर ठरलेला दुसरा मार्ग, हे वैमानिकालाच करायचे असते.

म्हणून पंधरा तासांची आखणी तुम्ही करा. पहिल्या काही तासांत विमानाची नुसती ओळख. मग हवेत, मग सर्किटमध्ये, मग हूडखाली एका इंजिनावरची उड्डाणे. शेवटी परीक्षेची तालीम. प्रत्येक उड्डाणानंतर वहीत तीन ओळी: इंजिन गेले हे किती सेकंदांनी ओळखले, वेग निळ्या रेघेच्या किती खाली गेला, आणि फेदरआधी खात्री केली का. तिसऱ्या ओळीत ‘नाही’ आले, तर ‘नाही’च लिहा. पुढच्या दिवशी इन्स्ट्रक्टरला ती ओळ दाखवा आणि तोच सराव पुन्हा मागा. त्या ‘नाही’ची जागा सलग पाच उड्डाणांत ‘होय’ने घेतली, की परीक्षेची तारीख मागायला हरकत नाही.